गूढ कसलं, दमलेले दगड आहेत ते

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला पेरू देशातल्या माचू पिचूवरचा, म्हणजे इंका लोकांच्या डोंगरावरच्या जुन्या वसाहतीवरचा, लेख आमच्या घरी मोठ्यानं वाचला गेला, कारण आम्ही दोघं मे महिन्यातच तिथं जाऊन आलोय. लेख चांगला उतरलाय, फोटो तर झकासच. पण शेवटाकडे लेखिकाबाई म्हणतात, की एवढाले दगड इंका लोकांनी घडवले कसे आणि वाहून आणले कसे, हे आजवर कुणालाच उमगलेलं नाही. पुढे परग्रहावरच्या पाहुण्यांचाही उल्लेख येतो. तिथं मी चहाचा कप खाली ठेवला.

मी रेल्वेत पुलांच्या देखभालीवर ३४ वर्षं काढली. दगडी खांबांना ओळंबा लावणं, सांध्यांतला चुना निसटला की दरजा भरून घेणं, पावसाळ्याआधी पाण्याची भोकं मोकळी करणं, हे माझं काम. पाथरवटांच्या शेजारी बसून कित्येकदा डबा खाल्लाय. त्यामुळे दगडाचं श्रेय कुणी आकाशातल्या माणसांना दिलं की मला ते झोंबतं. त्यातही वाईट हे, की या प्रश्नाचं बरंचसं उत्तर सहलीच्या वाटेवरच पडलेलं आहे आणि सहलवाले आपल्याला त्याच्या बाजूनं पळवत नेतात.

आमची सहल नेहमीच्याच साच्यातली होती. लिमाहून विमानानं थेट कुस्को, म्हणजे समुद्रसपाटीवरून उठून एकदम ३,४०० मीटरवर. पहिला दिवस आमच्यातल्या निम्म्या लोकांनी डोकं धरून आणि कोकाच्या पानांचा चहा पीत काढला. दुसऱ्या दिवशी कुस्को. तिसऱ्या दिवशी बसनं पिसाक करत ओयांतायतांबो आणि तिथून आगगाडीनं माचू पिचूच्या पायथ्याचं गाव, आग्वास काल्येंतेस. चौथ्या दिवशी माचू पिचू पाहून संध्याकाळच्या गाडीनं परत.

कुस्कोत कोरिकांचा पाहिलं. इंकांच्या या सूर्यमंदिरावर स्पॅनिश लोकांनी सांतो दोमिंगोचं चर्च आणि मठ उभारला. १९५० च्या भूकंपात वरच्या मठाची पार पडझड झाली आणि खालची इंकांची गोलाई घेतलेली भिंत जशीच्या तशी राहिली. हे गाईड सगळ्यांनाच सांगतात. मला जास्त गंमत वाटली ती हातुन रुमियोक गल्लीतल्या भिंतीची. तिथल्या बारा कोनांच्या दगडाशी फोटोसाठी रांग लागते आणि हात लावायला बंदी आहे. मी रांग सोडून थोडा पुढे गेलो. संध्याकाळचं ऊन भिंतीवर तिरपं पडलं होतं. त्या उन्हात प्रत्येक दगडावर बारीक बारीक खळगे दिसत होते, देवीच्या वणांसारखे. दगडाच्या पोटावर मोठे आणि कडांकडे येईल तसे लहान. छिन्नीचा ओरखडा असा कुठंच नाही. लोखंड त्यांच्याकडे नव्हतंच.

खळगे कशाचे, याचं उत्तर ज्याँ-पिएर प्रॉट्झेन या बर्कलेतल्या वास्तुकलेच्या प्राध्यापकानं १९८० च्या दशकात स्वतः दगड ठोकून दिलेलं आहे. इंकांच्या दगडखाणींमध्ये त्यांना नदीतले कठीण गोटे सापडले. ते मूळचे त्या खाणीतले नव्हतेच, म्हणजे कुणीतरी मुद्दाम वाहून आणलेले. तसाच सुमारे चार किलोंचा गोटा घेऊन त्यांनी अँडेसाइट या ज्वालामुखी खडकाचा छोटा ठोकळा घडवून पाहिला. तीन बाजू व्हायला दीड तासाच्या वर लागला नाही. गोटा हातातून सोडायचा, आदळून उसळला की झेलायचा, हातानं फक्त दिशा द्यायची. कड आली की लहान गोटा, नाहीतर कोपरा उडतो. म्हणून मधे मोठे खळगे आणि कडेला लहान. हे वाचलं तेव्हा मी घरात एकटाच हसलो होतो. आमचा म्हातारा मिस्त्री नवीन पोरांना हेच सांगायचा, की जोर तू नको लावूस, वजनाला लावू दे.

आता ओयांतायतांबो. तिथं आम्हाला ४५ मिनिटं मिळाली, कारण गाडी गाठायची होती. उभ्या पायऱ्या चढून वर जाईपर्यंत वीस मिनिटं गेली. वर अर्धवट राहिलेल्या सूर्यमंदिराच्या सहा शिळा शेजारी शेजारी उभ्या आहेत, रायोलाइट नावाच्या गुलाबी खडकाच्या, मोठ्यात मोठी पन्नास टनांच्या घरातली. दोन शिळांच्या मधे दगडाचीच अरुंद पट्टी बसवलीय. बाजूला पडलेल्या काही दगडांत इंग्रजी टी अक्षराच्या आकाराच्या खाचा आहेत. दगडाला दगड जखडायची ती सोय. आमच्या जुन्या पुलांत शिसं ओतून लोखंडी क्लॅम्प बसवलेले असायचे, त्याच जातीची. परग्रहावरून येणाऱ्याला दगड पुलासारखे जखडावे का लागले असतील, हे कुणीतरी मला सांगावं.

बाकी मंडळी फोटो काढत होती. मी गाईडला विचारलं, की हा दगड इथला दिसत नाही, खाण कुठं आहे? तो केचुआ ही इंकांची भाषा बोलणारा तिथलाच पोरगा. त्यानं नदीपलीकडे बोट केलं. समोरच्या डोंगरावर, बऱ्याच उंचीवर, गुलाबी दरड दिसत होती. काचिकाताची खाण ती. तिथून खाली उतरत आलेली उताराची वाटही डोळ्यांना लागते, मुद्दाम बांधून काढलेली. मग तो म्हणाला, की खाण आणि इथल्या मधे कितीतरी दगड वाटेतच राहिलेत. त्यांना इकडे पिएद्रास कान्सादास म्हणतात, दमलेले दगड.

ते ऐकून मी गाडीबिडी विसरलो. त्यातला एक या टेकडीच्या चढणीवरच पडलेला होता. घडून झालेला, निघालेला आणि न पोचलेला. मी खाली वाकून बघितलं. सौ. वरून हाका मारत होती. अशा दगडांचा जो तळ जमिनीवरून घासत आला, तो गुळगुळीत असतो आणि त्यावर ओढल्याच्या दिशेनं रेघा असतात, हे प्रॉट्झेन यांनीच नोंदवून ठेवलंय. खाण समोर, उतार समोर, अर्ध्या वाटेवरचा माल समोर. साइटवर काम बंद पडल्यावर दिसतं तसंच सगळं. पंचनामा करायचा तर आणखी काय लागतं?

ओढलं कुणी, याचंही उत्तर आहे. इंका राज्यात कर पैशांत नव्हता, श्रमात होता. त्याला मिता म्हणत. घराघरांतून माणसं पाळीपाळीनं कामाला यायची आणि त्यांच्या खाण्यापिण्याचं राज्य बघायचं. ते सुखाचं होतं असं माझं म्हणणं नाही. कुस्कोत जन्मलेला, इंका आईचा आणि स्पॅनिश बापाचा मुलगा गार्सिलासो दे ला वेगा यानं १६०९ साली छापलेल्या ग्रंथात कुस्कोच्या वरच्या साक्सायवामान किल्ल्याच्या दमलेल्या दगडाची कथा दिलीय. वीस हजार माणसं तो ओढत होती, चढावर तो घसरला आणि तीन-चार हजारांना घेऊन गेला. पुढे तो दगड दमला आणि रक्ताचे अश्रू रडला, असं लोक सांगत. आकडे त्याचे, कथा लोकांची. पण ज्यांच्या आज्यापणज्यांनी दोर ओढले, त्यांना हे काम कुणी केलं याबद्दल शंका नव्हती.

मग गाडी. आमची माणसं मला आधीपासून चिडवत होती, की तुम्ही इंकांसाठी नाही, रुळांसाठी चाललाय. खोटं नाही ते. तीन फुटी नॅरोगेज, एका अंगाला उरुबांबा नदी घोंघावत असते, आणि डब्याच्या छतालाही काचा. माचू पिचूच्या पायथ्याला मोटाररस्ता जातच नाही. गाडी, नाहीतर पाय. २०१० च्या जानेवारीत पुरानं रूळ तुटले तेव्हा अडकलेल्या प्रवाशांना हेलिकॉप्टरनं काढावं लागलं होतं. परतीच्या गाडीत मात्र डब्यातल्याच कर्मचाऱ्यांनी अल्पाका या तिथल्या जनावराच्या लोकरीच्या स्वेटरांचा फॅशन शो केला. नदी बघायची सोडून लोक टाळ्या वाजवत बसले. असो. शेवटी कुस्कोच्या डोंगरउतारावर गाडी पुढे जाते, थांबते, सांधा बदलतो, मग उलटी खाली येते, पुन्हा थांबते. असं नागमोडी करत ती शहरात उतरते. बोरघाटात पूर्वी असंच रिव्हर्सिंग स्टेशन होतं. खाली कुस्कोचे दिवे, आणि अंधारात बॅटरी घेऊन खाली उतरलेला सांधेवाला. त्याला मी काचेतून हात केला. त्यानंही केला.

माचू पिचूबद्दल लेखात भरपूर आलंय, तेव्हा दोनच गोष्टी. माचू पिचूचा शोध ज्याच्या नावावर सांगतात तो अमेरिकन हायरम बिंगहॅम १९११ च्या जुलैत तिथं पोचला तेव्हा शेतकरी कुटुंबं तिथल्या पायऱ्या-पायऱ्यांच्या शेतात पिकं घेत होती. एका मुलानंच त्याला जागा फिरून दाखवली. त्यामुळे शोध लावला म्हणताना जरा जपून. दुसरं, तिथं दगडांपेक्षा पाणी बघावं. ७४९ मीटर लांबीचा कालवा, त्यावर एकाखाली एक १६ कारंजी, आणि शेतांच्या पोटात माती, वाळू, खडी, मोठे दगड असे थर. वर्षाला दोन मीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि डोंगर अजून जागेवर आहे. भिंतींमधली पाणी काढायची भोकं मी मोजायला लागलो, पण तिथं एकाच दिशेनं चालावं लागतं, मागे फिरता येत नाही. सतराव्या भोकाला रखवालदारानं शिट्टी मारली.

सहल कंपन्यांना माझी एवढीच विनंती, की ओयांतायतांबोला एक मुक्काम ठेवा. गाव कुस्कोपेक्षा सहाशेएक मीटर खाली आहे. विमानातून उतरल्यावर आधी तिकडे नेलंत तर लोकांची डोकीही कमी दुखतील. माचू पिचूच्या बहुतेक गाड्या तिथूनच सुटतात. वेगळं तिकीटही पडत नाही, पिसाक आणि साक्सायवामानसकट ते कुस्कोच्या संयुक्त पर्यटन तिकिटातच येतं आणि दहा दिवस चालतं. सकाळी नदी ओलांडून खाणीकडे चालत जाता येतं. माझं ते राहून गेलं.

आणि लेखिकाबाईंनी रागावू नये. त्यांनाही बहुधा ४५ मिनिटंच मिळाली असणार. चढणीवरच्या त्या दमलेल्या दगडाचा फोटो माझ्याकडे आहे. दुरुस्ती छापणार असाल तर पाठवतो. डाव्या कोपऱ्यात, मला ओढायला आलेल्या सौ.चा हात आलाय, तेवढा कापून घ्यावा लागेल.

आपला,
एक निवृत्त पूल निरीक्षक
(नाव-पत्ता सोबत जोडला आहे, छापू नये.)