प्रश्न पावसाचा नाही, साचलेल्या पाण्याचा

मा. संपादक,

फुटबॉलचा मोठा सामना पावसात खेळवावा की नाही, यावर वाद पेटला की सगळे आभाळाकडे बघतात. बघायचे असते पायाखाली. नुसत्या ओल्या गवतावर चेंडू घसरतो, खेळ उलट वेगवान होतो. पाणी साचले की तोच चेंडू मध्येच थबकतो आणि अंदाज चुकलेल्या बचावपटूचा टॅकल (चेंडू हिसकावण्यासाठी घातलेला पाय) समोरच्याच्या घोट्यावर बसतो.

३ जुलै १९७४ रोजी फ्रँकफर्टमध्ये अग्निशमन दलाने पंप लावून पाणी उपसले, तरी पश्चिम जर्मनी-पोलंड सामना डबक्यांतच झाला. १-० ने जिंकून जर्मनी विश्वचषकाच्या अंतिम फेरीत गेली. १४ मे २००० रोजी इटलीतल्या पेरुजात पेरुजा-युव्हेंटस हा लीगचा शेवटचा सामना पावसामुळे मध्यंतराला तासाहून जास्त थांबवून पुन्हा सुरू केला. युव्हेंटस ०-१ हरला, त्यामुळे लॅझिओ हा क्लब एका गुणाने इटलीचा विजेता ठरला. त्या सामन्याचे पंच कोलिना यांना दोष देण्यात अर्थ नाही. नियम पंचाला अधिकार देतो, मोजमाप देत नाही.

ते स्पर्धेच्या नियमांत आधीच लिहावे. चेंडू खांद्याच्या उंचीवरून सोडावा. उसळला नाही तर ती जागा नापास. मग जमिनीलगत ढकलून पाहावा. ही चाचणी मध्यवर्तुळात उरकण्यात अर्थ नाही (टीव्हीवर मात्र तीच दिसते). मैदानाचा उतार सहसा कडेकडे असतो, त्यामुळे पाणी साइडलाइनला आणि तुडवून खोलगट झालेल्या गोलसमोरच्या जागेत साठते. अखेरचा निर्णय प्रेक्षकांना आत सोडण्यापूर्वी व्हावा.

पाणी रबरी वायपरने किंवा स्पंजच्या रोलरने काढावे, बागकामाच्या काट्याने दहा-पंधरा सेंटिमीटर खोल भोके पाडावीत. जड रोलर अजिबात नको. ओली माती दाबली जाते, तिच्यातली छिद्रे बुजतात आणि पाणी मुरणेच थांबते.

विजेबाबत तर चर्चाच नको. चमक आणि गडगडाटात ३० सेकंद किंवा कमी अंतर असेल तर वीज सुमारे दहा किलोमीटरच्या आत आहे. सगळ्यांनी पक्क्या इमारतीत जावे; डगआउट (राखीव खेळाडूंची मैदानाकडेची शेड) हा निवारा नव्हे. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे थांबावे, मध्ये पुन्हा गडगडले तर मोजणी पहिल्यापासून. युरो २०१२ मध्ये डोनेत्स्कला युक्रेन-फ्रान्स सामना पाचव्या मिनिटालाच थांबला, तो जवळपास तासभर. एवढ्या खंडानंतर वॉर्म-अपलाही वेळ द्यावा लागतो, नाहीतर स्नायू दुखावतात.

सामना अर्धवट राहिला तर उरलेली मिनिटे खेळवायची की पुन्हा शून्यापासून, हेही वेळापत्रकासोबतच जाहीर व्हावे. त्या वेळचा स्कोअर पाहून ते ठरवू नये.

आपला,
एक फुटबॉल पंच