‘जेवणाचं तिथे गेल्यावर बघता येतं’ असं सांगून प्लॅनिंगचे पैसे घेतल्याबद्दल तक्रार

नमस्कार,

फोनवर हे सगळं सांगून झालंय, दर वेळी नवीन माणूस फोन घेतो आणि दर वेळी शेवटी “मॅडम तुम्ही मेल टाका” म्हणतो, म्हणून हे मेल. लांब आहे, पण पूर्ण वाचा, पैसे मी पण पूर्णच भरले होते.

आम्ही तुमच्याकडून ऑर्लँडोच्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डचं पॅकेज घेतलं होतं, मुलांच्या मे महिन्याच्या सुट्टीत. सहा जण होतो, मी, नवरा, दोन मुलं आणि सासू-सासरे. हॉटेल डिस्नेच्या स्वतःच्या रिसॉर्टमधलं घेतलं, बाहेरचं स्वस्त मिळत असूनही, कारण तुमच्या सेल्सच्या मॅडम म्हणाल्या की आतल्या हॉटेलचे खूप फायदे असतात. शिवाय ‘प्लॅनिंग असिस्टन्स’ म्हणून वेगळे पैसे लावले ते पण दिले. मी पहिल्याच मीटिंगला विचारलं होतं की रेस्टॉरंटचं आधी बुकिंग करावं लागतं असं ऐकलंय, ते करूया का. त्यावर उत्तर आलं, “अहो पूर्वी १८० दिवस आधी करावं लागायचं, कोविडनंतर ते सगळं बंद झालं, आता तिथे गेल्यावर बघता येतं.” हे व्हॉट्सॲपवर पण लिहिलेलं आहे, स्क्रीनशॉट जोडलाय.

आता खरं काय ते मी सांगते, म्हणजे पुढच्या कस्टमरला तरी नीट सांगाल. १८० दिवसांचे ६० दिवस झाले, बुकिंग बंद वगैरे काही झालेलं नाही. तुम्हाला अर्धी बातमी माहीत होती आणि ती तुम्ही पूर्ण म्हणून विकलीत. आणि जो फायदा सांगून आतलं हॉटेल गळ्यात मारलंत त्यातला एक मोठा फायदा नेमका हाच आहे की डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्याला चेक-इनच्या ६० दिवस आधी एकाच दिवशी पुढच्या दहा दिवसांपर्यंतच्या मुक्कामाची सगळी टेबलं बुक करता येतात, बाहेर राहणाऱ्याला मात्र रोज एकेक दिवस उघडेल तसं करावं लागतं. म्हणजे आम्ही रांगेत पुढे उभे होतो आणि तुम्ही आम्हाला घरी बसवलंत.

वेळेचं कारण पण सांगू नका. ऑनलाइन बुकिंग त्यांच्या सकाळी ६ वाजता उघडतं, उन्हाळ्यात आपले दुपारचे साडेतीन. तुमचं ऑफिस उघडं असतं, चहा पण झालेला नसतो. कोणी रात्री जागायचं नव्हतं, कोणी एक माणूस लॅपटॉप घेऊन बसला असता तर अर्ध्या तासात काम होतं.

फोनवर मला असंही ऐकवलं गेलं की “मॅडम ते तर तुम्ही स्वतः पण करू शकला असता.” कसं? हॉटेलचं बुकिंग डिस्नेच्या ॲपला जोडायला कन्फर्मेशन नंबर लागतो, आणि तो तुम्ही मला दिलात फायनल व्हाउचरबरोबर, म्हणजे निघायच्या जेमतेम पंधरा दिवस आधी. त्याआधी मी मागितला तर “सिस्टीममध्ये आहे, काळजी करू नका.” त्यांच्या वेबसाइटवरचा अकाउंट पण तुम्हीच माझ्या नावाने उघडला होता, माझं कार्ड टाकून, आणि पासवर्ड पण तुमच्याकडेच. हा कार्डाचा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे येतोय.

तर नंबर हातात आल्या आल्या मी बघायला बसले. सिंड्रेलाच्या किल्ल्यातलं रेस्टॉरंट, सिंड्रेलाज रॉयल टेबल, आमच्या सगळ्या तारखांना भरलेलं. शेफ मिकीज, जिथे मिकी आणि मंडळी टेबलापाशी येऊन भेटतात, सकाळचं पण नाही आणि रात्रीचं पण नाही. डिस्नेच्याच एपकॉट पार्कमधलं स्पेस २२०, जिथे खिडकीतून अवकाश दिसल्यासारखं केलंय, ते मुलाला हवं होतं, तिथेही काही नाही. माझ्या मुलीला त्या किल्ल्यात जेवायचं होतं, राइड्सपेक्षा जास्त, आणि हे मी फॉर्मवर लिहून दिलं होतं, तुमच्याच फॉर्मवर ‘स्पेशल रिक्वेस्ट’ असा रकाना आहे त्यात. तो रकाना कोण वाचतं मला खरंच जाणून घ्यायचंय. किल्ल्याच्या दारात जाऊन विचारून पण बघितलं, तिथली मुलगी फार गोड बोलली पण टेबल नव्हतं ते नव्हतंच. मुलगी रडली नाही, ती नुसती म्हणाली “तू तर फॉर्ममध्ये लिहिलं होतंस ना”, मला ते जास्त लागलं.

आता मी काही असं म्हणत नाहीये की प्रत्येक जेवण आधी बुक करायला हवं होतं. तसं करणारे लोक तिथे भेटले, त्यांची दुसरीच धावपळ. राइडची रांग सोडून टेबलाकडे पळतायत, मूल पेंगलंय तरी बसवून खाऊ घालतायत कारण बुकिंग आहे, आणि बसून जेवायचं म्हटलं की तास सव्वा तास सहज जातो, दिवसातून दोनदा तसं केलं तर पार्क बघणार कधी. साध्या जेवणाला बुकिंग लागतच नाही, क्विक सर्व्हिसच्या, म्हणजे काउंटरवरून घेऊन खायच्या ठिकाणी ॲपवर मोबाईल ऑर्डर करायची, वेळ निवडायची, पोचलो की कळवायचं, खिडकीवर खाणं तयार. पण ते सुद्धा आधी माहीत पाहिजे हो! साडेबाराला भूक लागल्यावर ॲप उघडलं तर जवळच्या वेळा गेलेल्या, पुढचा स्लॉट पार दीड-पावणेदोनचा, आणि सासऱ्यांना शुगर आहे, त्यांना वेळेवर खावं लागतं हे पण त्या फॉर्मवर आहे. सकाळी नाश्ता करताना दुपारची ऑर्डर टाकून ठेवता येते हे आम्हाला एका अनोळखी बाईने रांगेत सांगितलं. त्यात आपल्या कार्डाचा ओटीपी भारतातल्या नंबरवर जाणार, रोमिंग चालू नाही, ते वेगळंच. प्लॅनिंगचे पैसे तुम्ही घेतले आणि प्लॅनिंग त्या बाईने केलं.

मग सल्ला काय द्यायला हवा होता? एवढंच, की ज्या एकदोन जेवणांसाठी जीव अडकलाय ती ६० व्या दिवशी धरा, बाकी मोकळं सोडा. धरून ठेवण्यात फारसा धोका पण नाही, बहुतेक ठिकाणी दोन तास आधीपर्यंत फुकट कॅन्सल होतं, आणि नाही केलं नि गेलोही नाही तर माणशी १० डॉलर कापतात. आणि लोक असे शेवटी कॅन्सल करतात म्हणूनच आदल्या रात्री किंवा त्या दिवशी सकाळी टेबलं सुटतात. वॉक-अप वेटलिस्ट पण असते, रेस्टॉरंटच्या आसपास असताना ॲपमधून नाव लावायचं, पण ती चालू असेल तर, गर्दीच्या वेळी बंद दिसते. “तिथे गेल्यावर बघता येतं” म्हणजे हे. बघता येतं, मिळतं असं नाही.

आता ते कार्डाचं. तिसऱ्या दिवशी मी वैतागून तुमच्या इमर्जन्सी नंबरवर फोन केला. तुमच्या ऑपरेशन्सच्या मुलाने ऐकून घेतलं, मुलगा चांगला होता, म्हणाला करतो काहीतरी. आणि केलं! मला न विचारता माझ्या अकाउंटमधून, माझ्या कार्डावर, मॅजिक किंगडममधल्या बी अवर गेस्ट या रेस्टॉरंटचं टेबल घेतलं, सहा जणांचं, त्याच संध्याकाळचं. मला मेसेज आला टेबलाच्या पाऊण तास आधी. आणि आम्ही त्या दिवशी होतो ॲनिमल किंगडममध्ये. हे दोन वेगळे पार्क आहेत, मध्ये बस लागते, आणि बी अवर गेस्ट पार्कच्या आत आहे म्हणजे त्या पार्कचं तिकीट लागतं, आणि तुम्हीच आम्हाला एका दिवशी एकच पार्क असं तिकीट विकलंय, एकाच दिवशी दुसऱ्या पार्कातही जाता येतं ते हॉपर नाही. कुठल्या दिवशी कुठला पार्क हा तक्ता तुम्हीच बनवला होता, त्यावर तुमचा लोगो आहे, निदान तो तरी उघडून बघायचा. दोन तासांची मुदत उलटून गेलेली, त्यामुळे कॅन्सल करून काही उपयोग नाही. सहा माणसं, ६० डॉलर, माझ्या कार्डातून गेले. न खाल्लेल्या जेवणाचे. डिस्नेवाल्यांशी माझं भांडण नाही, त्यांचा नियम लिहिलेला आहे आणि त्यांनी तो लावला. तुम्ही तो वाचला नाहीत.

अजून एक. तुमच्या सूचनापत्रात लिहिलंय “पार्कमध्ये बाहेरील खाद्यपदार्थ नेण्यास सक्त मनाई”. चूक आहे. डिस्ने वर्ल्डमध्ये स्वतःचं खाणं नेता येतं, काचेची भांडी-बाटल्या नकोत, दारू नको, अशा काही अटी असतात. सासूबाईंनी घरून केवढं काय काय बांधून आणलं होतं, ते सगळं तुमच्या त्या एका ओळीमुळे हॉटेलच्या खोलीत पडून राहिलं आणि त्या पहिल्या दिवशी फ्राइजवर राहिल्या. बहुतेक दुसऱ्या कुठल्यातरी पार्कचं पत्र कॉपी-पेस्ट केलंय, कारण खाली एका ओळीत ज्या राइडचं नाव आहे ती तिथे नाहीच! पाण्याच्या बाटल्या विकत घ्या असंही लिहिलंय, क्विक सर्व्हिसच्या काउंटरवर बर्फाचं पाणी मागितलं की फुकट देतात. सहा जणांचं दिवसभराचं पाणी, उन्हात, फ्लोरिडाच्या मे महिन्यात, हिशोब करा.

आणि शाकाहाराबद्दल तुमच्याकडून “व्हेजचं तिथे कठीण आहे, ॲडजस्ट करावं लागेल” एवढंच. सासूबाई अंडं पण खात नाहीत. तिथे मेन्यूवर पानाचं छोटं चिन्ह असतं, २०१९ पासून आहे, ते असलेल्या पदार्थात मांस, अंडं, दूध, मध काहीच नसतं. म्हणजे त्यांना फक्त पान शोधायचं होतं! हे एक वाक्य आधी मिळालं असतं तर त्यांनी प्रत्येक काउंटरवर माझ्याकडे असं बघितलं नसतं.

एक जेवण मात्र मनासारखं झालं आणि ते तुमच्यामुळे नाही. मी रात्री झोपताना आणि सकाळी उठल्यावर ॲप उघडून सुटलेली टेबलं बघत बसायचे, त्यात ॲनिमल किंगडम लॉज या डिस्नेच्या हॉटेलमधलं सनाआ हे रेस्टॉरंट मिळालं, हॉटेलातलं आहे त्यामुळे पार्कचं तिकीट लागत नाही. तिथे भारतीय-आफ्रिकी धाटणीचं जेवण असतं, वेगवेगळ्या नान आणि त्याबरोबर चटण्या वगैरे येतात आणि खिडकीबाहेर जिराफ, झेब्रे फिरत असतात. टेबल उजेडातलं घ्यायचं, अंधार पडला की बाहेर काही दिसत नाही. सासऱ्यांचं शुगरचं पथ्य त्या दिवशी कोणी काढलं नाही. असं ठिकाण तिथे आहे हे शाकाहारी कुटुंबाला विकताना तुम्हाला माहीत नसेल तर प्लॅनिंग असिस्टन्स म्हणजे नक्की काय विकता?

तर मला काय हवंय ते. प्लॅनिंग असिस्टन्सचे घेतलेले पैसे पूर्ण परत, कारण जी एक गोष्ट मी स्पष्ट विचारली त्याचं उत्तर चूक दिलंत आणि बाकीचं केलंच नाहीत. ६० डॉलर माझ्या कार्ड स्टेटमेंटवर जेवढ्या रुपयांना पडले तेवढे वेगळे, ते तर सरळ तुमच्या माणसाने केलेलं आहे, त्यात चर्चेला जागा नाही. त्या अकाउंटचा पासवर्ड मी बदललाय, पण माझ्या कार्डाची माहिती तुमच्याकडे अजून कुठे लिहून ठेवली असेल तर ती काढून टाकल्याचं लेखी कळवा. पुढच्या ट्रिपवर डिस्काउंट कूपन देऊ असं मला फोनवर सांगण्यात आलंय, ते नको, मी पुढची ट्रिप तुमच्याकडून करणार आहे हे तुम्ही कसं धरून चाललात.

आणि ते सूचनापत्र बदला, आजच. येत्या सुट्टीत जाणाऱ्यांचे ६० दिवस कोणाचे ना कोणाचे रोज उघडतायत, त्यांना आत्ता फोन करून विचारा कुठलं जेवण हवंय, माझं प्रकरण नंतर बघितलंत तरी चालेल.

पंधरा दिवस वाट बघेन. नाही झालं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवणार आणि गरज पडली तर ग्राहक आयोगाकडे जाणार, पावत्या, व्हॉट्सॲप, तो फॉर्म, तुमच्या लोगोचा तक्ता आणि कार्ड स्टेटमेंट सगळं एकत्र करून ठेवलंय आणि या मेलला पण जोडलंय.

उत्तर मेलवरच द्या, फोन करू नका. फोनवर तुम्ही काय सांगता आणि नंतर काय निघतं ते बघून झालंय.

बुकिंग नंबर विषयाच्या ओळीत आहे.

आपली,
पॅकेजची मुख्य प्रवासी (आणि मे महिन्यापुरती विनापगार टूर मॅनेजर)