संकुले बांधा, पण छत आठ मीटरवर न्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तालुका क्रीडा संकुलांचे आराखडे कबड्डी-बॅडमिंटन डोळ्यांसमोर ठेवून होतात. त्याला हरकत नाही. पण कोकणात रिदमिक जिमनॅस्टिक्स (संगीताच्या तालावर साधने हाताळत करायच्या कसरती) करणाऱ्या मुलींचे घोडे नेमके छतापाशी अडते, म्हणून हे पत्र.

हूप (मोठे कडे), बॉल, क्लब्ज (मुद्गलासारखे दोन छोटे दांडके), रिबन (काठीला बांधलेली लांब पट्टी) या चारही साधनांवरचे प्रत्येक सादरीकरण ७५ ते ९० सेकंदांचे. त्यात जोखमीच्या फेकीचे गुण हवे असतील, तर साधन वर भिरकावून ते हवेत असताना स्वतः किमान दोन पूर्ण फिरक्या घ्यायच्या आणि मग पकडायचे. आता हिशेब मांडा. शाळेच्या सभागृहाचे छत साडेचार मीटर, फेकणारा हात पावणेदोन मीटरवर. हूपला वर जायला पावणेतीन मीटर उरले, म्हणजे हवेत जेमतेम दीड सेकंद. आठ मीटरच्या छताखाली हाच वेळ सव्वादोन सेकंदांवर जातो. त्या पाऊण सेकंदातच दुसरी फिरकी बसते. बुटक्या छताखाली मुलगी फेक दाबून टाकायला शिकते आणि मोठ्या हॉलमध्ये तिचा अंदाज चुकतो. साधन निसटून तीन पावले धावावे लागले, की एक पूर्ण गुण गेला. ते स्पर्धेच्या गालिच्याबाहेर गेले तर ०.३० वेगळे.

सोळाव्या वर्षी सीनियर गट लागतो आणि रिबन पाचऐवजी सहा मीटरची होते. (नेमकी दहावीही तेव्हाच, निम्म्या मुली तिथेच सुटतात.) सॅटिनची ही पट्टी पावसाळ्यात ओल धरते, जड होते, घामेजल्या दंडाला चिकटते आणि शेपटाकडे गाठ पडते. गाठ सोडवत बसावे तर संगीत पुढे निघून जाते. सराव संपला की रिबन पुठ्ठ्याच्या नळीवर सैल गुंडाळावी, दुसऱ्या दिवशी मंद इस्त्री फिरवावी, वाफ मात्र देऊ नये. डोक्यावरचा पंखा चालू असेल तर सर्पिलाचे वेटोळे मोडते. बंद केला तर पोरी घामाने निथळतात. त्यासाठी हवा बाहेर खेचणारे पंखे भिंतीत वर बसवावेत.

हूप खिळ्याला टांगू नये, एसटीच्या डिकीत तर नाहीच. सामानाखाली दबून तो लंबगोल होतो आणि मग अंगावरून लोळवताना उड्या मारतो. पिशवीत आडवा, सपाट ठेवावा.

ओलसर गालिच्याचे दुखणे याहून गंभीर आहे. टाचेवर न येता चवड्यावर गिरकी घेताना टो-शूज (फक्त चवडा झाकणारा अर्धा बूट) अडकतो, पाऊल जागेवर राहते आणि गुडघा फिरतो.

मागणी मोठी नाही. स्पर्धेचा गालिचा १३ बाय १३ मीटर. बॅडमिंटनची दोन कोर्ट मध्ये मीटरभर अंतर सोडून शेजारीशेजारी आखली, की त्यांच्या जागेत तो बसतो. भोवती मीटरभर मोकळी जागा ठेवावी. आठ मीटर उंची मोजायची ती पत्र्यापर्यंत नव्हे, तर कैचीच्या (पत्रा पेलणाऱ्या सांगाड्याच्या) खालच्या दांडीपर्यंत. आणि गालिच्याची गुंडाळी फरशीला न टेकता फळ्यांवर राहील अशी एक कोरडी खोली द्या. पायऱ्यांखालची नको, तिथे पहिल्याच पावसात वाळवी लागते.

— जिमनॅस्टिक्स प्रशिक्षिका, रत्नागिरी