सूचना: प्रत्यारोपणानंतरच्या मूत्रपिंड विकाराचे कोडिंग

सर्व कोडर (रुग्णाच्या नोंदीतील निदानांना ठरावीक कोड देणाऱ्या) सभासदांस कळविण्यात येते की, येत्या शनिवारी सकाळी ११ वाजता होणाऱ्या ऑनलाइन बैठकीत मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांच्या फायली तपासल्या जातील.

प्रत्यारोपणानंतर दीर्घकालीन मूत्रपिंड विकार आढळला, एवढ्यावरून ती प्रत्यारोपणाची गुंतागुंत ठरत नाही, हे आयसीडी-१०-सीएम या अमेरिकेतील निदान-कोडिंग पद्धतीच्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट आहे; तरीही घाईत नेमकी हीच चूक होते.

- नोंदीत केवळ दीर्घकालीन मूत्रपिंड विकाराचा टप्पा ३ब असल्यास एन१८.३२ (त्या टप्प्याचा कोड) व झेड९४.० (मूत्रपिंड प्रत्यारोपण झाल्याचा कोड) द्यावा.
- डॉक्टरांनी शरीराने अवयव नाकारल्याचे, तो निकामी झाल्याचे किंवा प्रत्यारोपणाची अन्य गुंतागुंत झाल्याचे लिहिले असेल, तरच टी८६.१ (मूत्रपिंड प्रत्यारोपणाची गुंतागुंत) गटातील योग्य कोड घ्यावा, त्यासोबत झेड९४.० देऊ नये.
- नोंद संदिग्ध असल्यास तर्क न करता डॉक्टरांना लेखी विचारणा करावी.

प्रत्येकाने अडलेली एक फाइल, रुग्णाची ओळख काढून, शुक्रवारपर्यंत समन्वयकांकडे पाठवावी.