दगड होता तसा परत ठेव

गिरगाव, मुंबई
माघ शुद्ध तृतीया

प्रिय शिऱ्या,

फोनवर तू म्हणालास, "तुमच्या मुंबईच्या समुद्रात आता काय उरलंय रे, पिशव्या नि चपला." तेव्हा गडबडीत होतो, पण ते मनाला लागून राहिलं. म्हणून हे पत्र.

काल द्वितीया होती. आजोबांचा हिशोब तुला आठवत असेल: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. म्हणजे काल दुपारी दीडला भरती आणि त्याच्या सहा तास आधी, सकाळी साडेसातला पूर्ण ओहोटी, तीही उजेडात. पहाटेच चर्नी रोडहून लोकल पकडली आणि वांद्र्याला कार्टर रोडच्या खडकांवर उतरलो. वर लोक नेहमीसारखे धावत होते. खाली पाणी मागे हटलं होतं आणि काळे खडक उघडे पडले होते, कालवांनी खरबरीत झालेले. पहिली दहा मिनिटं काहीच दिसत नाही. एका डबक्याशी उकिडवं बसून राहिलं की मग एकेक शंख चालायला लागतो. आत गोगलगाय नसते, खेकडा असतो. रिकामा शंख मिळाला की तो त्यातच बिऱ्हाड करतो. कडेला समुद्रफूल, म्हणजे फुलासारखा दिसणारा प्राणी, उमललेलं होतं. माझी सावली पडली आणि ते मिटलं. पलीकडे एक समुद्री बगळा माझ्याहून कितीतरी धीराने उभा होता.

एक गोष्ट तुलाच सांगतो. दोन वर्षांपूर्वी भाच्याला घेऊन इथेच आलो होतो. एक दगड उलटला, खालचे खेकडे दाखवले आणि तसाच टाकून पुढे निघालो. कालवं काढणारी एक मावशी हातातली कोयती थांबवून म्हणाली, "दगड होता तसा परत ठेव, बाबा. खाली पोरंबाळं असतात त्यांची." मी परत जाऊन पाहिलं. दगडाच्या पोटाला अंड्यांचे पुंजके चिकटले होते आणि ते उन्हात आले होते. वरच्या बाजूचं शेवाळ उजेडावर जगतं, खालचे जीव ओलाव्यावर आणि सावलीवर. दगड उलटा राहिला की दोन्ही बाजू मरतात. इतकी वर्षं समुद्राशेजारी राहून हे मला कुणीतरी सांगावं लागलं, याची अजून खंत वाटते.

२०१३चं गिरगाव चौपाटीवरचं विसर्जनही आठवतं ना? पाखटांनी कितीतरी जणांना काटे मारले होते आणि आपण सगळे त्या माशांवरच चिडलो होतो. पाखट उथळ पाण्यात वाळूत अंग पुरून पडून राहतो. पाय त्याच्यावर पडला तरच काटा मारतो. पाण्यात पाऊल उचलून न टाकता घासत नेलं तर तो आधीच निघून जातो. हे विसर्जनाआधी लाउडस्पीकरवर सांगितलं तरी किती फरक पडेल! पावसाळ्यात वाहून येणाऱ्या ब्लू बॉटल या निळ्या, जेलीफिशसारख्या जीवाचंही तसंच. किनाऱ्यावर पडलेली असली तरी तिच्या तंतूंनी डंख बसतो, म्हणून मुलांना फक्त लांबून दाखवायची.

२०१७ पासून 'मरीन लाइफ ऑफ मुंबई'ची मंडळी लोकांना ओहोटीच्या वेळी असं चालवत नेतात आणि फोटो आयनॅचरलिस्टवर, म्हणजे जीवांच्या नोंदी ठेवणाऱ्या संकेतस्थळावर, टाकायला शिकवतात. मीही टाकतो. अमुक जागी, अमुक दिवशी हा जीव होता, एवढी नोंद तरी राहते. किनारी रस्ता बांधताना, २०२० मध्ये, वरळी आणि हाजी अलीच्या प्रवाळांच्या १८ वसाहती उचलून दुसरीकडे हलवल्या. प्रवाळांना १९७२च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, म्हणून निदान ते हलवले तरी. बाकीच्या खडकावरच्यांची मोजदाद कोण करणार? मला हे फार टोचतं.

आणि वर्सोवा! बायका-पुरुषांनी २०१५ पासून दर आठवड्याला वाकून तिथला कचरा उचलला, आणि २०१८च्या मार्चमध्ये त्याच वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं निघाली. ती बातमी मी आईला दोनदा वाचून दाखवली.

तू तर चेन्नईत बेझंट नगरला राहतोस. १९८८ पासून विद्यार्थी तिथे रात्री किनारा पायी पालथा घालून कासवांची अंडी सुरक्षित हॅचरीत, म्हणजे अंडी उबेपर्यंत राखायच्या कुंपणात, हलवतात. २०२५च्या जानेवारीत शेकडो मेलेली कासवं चेन्नईच्या किनाऱ्यांवर आली, ती वाचून मी तुला फोन केला होता. हवेसाठी त्यांना वर यावंच लागतं, आणि ट्रॉलरच्या जाळ्यात अडकलं की येता येत नाही. आता हंगाम चालू आहे. लेकीला घेऊन एका शनिवारी रात्री जा. टॉर्च घरीच ठेवा. पिल्लं उजेडाकडे जातात, तुमच्या बिल्डिंगच्या गच्चीवरचा दिवासुद्धा त्यांना रस्त्याकडे ओढतो. सोसायटीत तेवढं एक बोलून बघ, हंगाम संपेपर्यंत तरी तो बंद ठेवा म्हणावं.

होळीला येतोयस ना? पौर्णिमेनंतरची द्वितीया बघून तिकीट काढ. खडक निसरडे असतात, लेकीला जुने, पकड असलेले बूट आण. आजोबांचा पाऊणपटीचा हिशोब तुझ्या किनाऱ्याला लागू पडत नाही, तो तिला मी इथे शिकवीन.

तुझा,
नंदू