आधी ऐकू द्या, परीक्षेचं नंतर पाहू

संपादक महोदय,

तरुण मुलं हॅम रेडिओकडे, म्हणजे परवाना घेऊन हौसेनं चालवायच्या रेडिओकडे, फिरकत नाहीत, ही आम्हा हॅम मंडळींची जुनी रड. पण ‘सातासमुद्रापार बोलता येतं’ हे आमिष खिशात फोन असलेल्या मुलाला दाखवून काय उपयोग? त्याला अँटेना करायला बसवा.

आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरून काही ठरावीक दिवशी १४५.८०० मेगाहर्ट्‌झवर एसएसटीव्ही, म्हणजे आवाजाच्या रूपात हळूहळू येणारी स्थिर चित्रं, येतात. तारखा आधी जाहीर होतात. तांब्याच्या दोन कडक तारा घ्या, प्रत्येकी ४९ सेंटिमीटर. टर्मिनल ब्लॉकमध्ये त्या १२० अंशांचा कोन करून आडव्या बसवा. कोअॅक्सिअल केबलची मधली तार एकीला, जाळी दुसरीला. केबलचं दुसरं टोक यूएसबी एसडीआर डोंगलला, म्हणजे संगणकाला जोडायच्या छोट्या रिसीव्हरला. लांबीचं गणित मुलालाच करू द्या. ३०० भागिले १४५.८ म्हणजे २.०६ मीटर तरंगलांबी, त्याचा चौथा भाग साडेएकावन्न सेंटिमीटर. मग ४९ का? तारेच्या टोकांचा परिणाम, म्हणून सुमारे पाच टक्के आखूड. या ‘का’वरच मुलं अडकतात, आणि अडकायलाच हवीत.

पहिल्या खेपेला बहुधा नुसती खरखर मिळते. जाळीचा एखादा तंतू मधल्या तारेला टेकलेला असतो. गेन, म्हणजे सिग्नल मोठा करण्याचं प्रमाण, पूर्ण वाढवला तर जवळच्या एफएम केंद्रांमुळे रिसीव्हर गुदमरतो. लॅपटॉपचा चार्जर काढा, वॉटरफॉलवरचा (पडद्यावर सरकणाऱ्या वारंवारतांच्या आलेखावरचा) गोंगाट बऱ्याचदा तिथल्या तिथे उतरतो. स्क्वेल्च (सिग्नल क्षीण झाला की आवाज तोडणारी सोय) बंदच ठेवा, नाहीतर चित्रात पट्टे पडतात. चित्र तिरकं आलं तर साउंडकार्डचं घड्याळ चुकतंय; आवाजातून चित्र उलगडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तिरकेपणाची दुरुस्ती असते. स्थानक जवळ येताना वारंवारता सुमारे साडेतीन किलोहर्ट्‌झ वर असते, दूर जाताना तेवढीच खाली. डॉप्लर परिणाम पुस्तकात वाचणं वेगळं आणि सिग्नलची रेघ पडद्यावर घसरताना पाहणं वेगळं. फिल्टर वीस किलोहर्ट्‌झ रुंद ठेवला की वारंवारतेच्या मागे धावावं लागत नाही.

स्थानक फार तर दहा मिनिटं दिसतं आणि एक चित्र उतरायला दोन मिनिटं लागतात. मधली विश्रांती धरता दोन-तीन चित्रं हाती आली तरी पुष्कळ.

प्रक्षेपणाला परवाना लागतोच, आणि त्यासाठी परीक्षा. पण अंतराळातून उतरलेलं चित्र हाती आल्यावर परीक्षेचं पुस्तक मुलं स्वतःहून मागतात. पुढे एफटी८ ही संगणकाने संदेश पाठवायची पद्धत आहे: पंधरा सेकंदांचे संदेश, कानाला ऐकूही न येणारे सिग्नल संगणक उलगडतो. ‘हा कसला रेडिओ?’ म्हणून नाकं मुरडणाऱ्या ज्येष्ठांनी त्या वेळी कृपया गप्प बसावं.

– एक हौशी रेडिओचालक