पेपर पाठवण्याआधी

दांडिया बाजार, बडोदे

चि. सई हीस अनेक आशीर्वाद.

तुझा मसुदा वाचला. विश्वामित्रीच्या पुरानंतर काठावरच्या वस्त्यांनी पिण्याचं पाणी कसं साठवलं, हा विषय बहुविद्याशाखीय जर्नलला साजेसा आहे. त्यात भूगोल आहे, आरोग्य आहे आणि घरातल्या बायकांचं रोजचं कामही आहे. पण मसुदा तू तुझ्या गाईडसाठी लिहिल्यासारखा झालाय. अशा जर्नलमध्ये पेपर पहिल्यांदा ज्याच्या हाती पडतो तो संपादक कदाचित रसायनशास्त्राचा किंवा इतिहासाचा असेल. पेपर रिव्ह्यूला, म्हणजे विषयातल्या जाणकारांकडे तपासायला, पाठवायचा की नाही, हे तो शीर्षक, सारांश आणि कव्हर लेटर यांवरूनच ठरवतो. पुढे जे लिहिते आहे ते त्या परक्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून वाच.

आधी जर्नल ठरव, मग फॉरमॅट कर. पीएचडीसाठी पेपर छापलेला असण्याची यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) सक्ती २०२२ च्या नियमांत गेली, तरी तुझ्या विद्यापीठाची स्वतःची अट आहे का ते विभागातून लेखी विचारून घे. यूजीसी-केअर ही आयोगाची मान्य जर्नलांची यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली. अजूनही "यूजीसी-केअर अप्रूव्ह्ड" असं मिरवणारी साइट दिसली की तिथेच सावध हो. आयएसएसएन म्हणजे आठ अंकी नोंदणी क्रमांक, दर्जाचा दाखला नव्हे. स्कोपसमध्ये, म्हणजे शोधपत्रिकांच्या त्या मोठ्या सूचीत, आहे म्हणत असतील तर स्कोपसच्या स्रोतयादीत जाऊन नाव शोध आणि नोंद पुढे बंद तर केलेली नाही ना ते बघ. जर्नलच्या साइटवर जायचं तेही प्रकाशकाच्या मूळ साइटवरून, कारण नावाजलेल्या जर्नलांच्या हुबेहूब नकली साइट्स असतात. इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे जर्नलमधल्या लेखांचे सरासरी किती दाखले दिले जातात तो आकडा, क्लॅरिव्हेट कंपनीच्या जर्नल सायटेशन रिपोर्ट्समधून येतो. त्याच्या नावाशी मिळतीजुळती नावं लावून कुणीही आकडा विकतं. आणि चार दिवसांत "स्वीकृत" म्हणून कळवून लगेच फी मागणाऱ्याला उत्तरही देऊ नकोस. एकदा कॉपीराइट फॉर्म भरून दिलास की पेपर परत काढून घेणं जड जातं.

ओपन ॲक्सेसची, म्हणजे पेपर सगळ्यांना फुकट वाचता यावा यासाठीची, फी साधारणपणे स्वीकृतीनंतर द्यायची असते, पण सवलत हवी असेल तर ती बऱ्याच ठिकाणी पेपर पाठवतानाच मागावी लागते. प्लॉस वनसारखं जर्नल नावीन्यापेक्षा पद्धत पक्की आहे का ते पाहतं, मात्र डेटा खुला मागतं. करंट सायन्स १९३२ पासून निघतंय, तिथे लांबीची शिस्त कडक. कुठलंही निवड, पण त्याचे शेवटचे दोन अंक चाळल्याशिवाय नाही. तुझ्यासारखा पाहणी-अभ्यास त्यांनी एकदाही छापला नसेल तर पहिला तू छापून आणशील या भरवशावर राहू नकोस.

आता शीर्षक. "विश्वामित्री नदीच्या पूरप्रवण क्षेत्रातील कुटुंबांच्या जलसाठा-वर्तनाचा एक अभ्यास" यातून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. "एक अभ्यास" काढ. पूर, पिण्याचं पाणी, साठवण आणि गावाचं नाव हे चार शब्द पुढे आण, पद्धत उपशीर्षकात टाक. सारांशाची मर्यादा बहुतेक ठिकाणी १५० ते २५० शब्दांची असते. तुझ्या सारांशाचा निम्मा भाग पाण्याच्या महत्त्वावर गेलाय. तिथे दोन ओळी प्रश्नाला दे, दोन पद्धतीला आणि उरलेली सगळी जागा निष्कर्षांना, आकड्यांसकट. लघुरूपं आणि संदर्भ तिथे नकोत. कीवर्डमध्ये वडोदरा आणि बडोदा दोन्ही घाल, जुनं साहित्य दुसऱ्या नावाखाली सापडतं.

पद्धतीच्या भागावर सगळ्यात जास्त वेळ घालव, रिव्ह्यूअर तिथेच बसून राहतात. "यादृच्छिक पद्धतीने घरे निवडली" एवढ्यावर भागत नाही. गल्लीतलं दर पाचवं घर घेतलंस का? कुलूप असेल तर शेजारचं घेतलंस की सोडून दिलंस? किती घरांनी नकार दिला? प्रश्नावली गुजरातीत होती आणि पेपर इंग्रजीत आहे, म्हणजे भाषांतर कुणी केलं आणि मूळ न पाहिलेल्या दुसऱ्या माणसाकडून ते उलट गुजरातीत करून ताडलं का, तेही लिही. एथिक्स कमिटीच्या परवानगीचा क्रमांक आणि तारीख हवी. ती परवानगी पाहणीच्या आधीची असावी लागते, नंतर मागून मिळत नाही.

ब्राझीलमधल्या रिव्ह्यूअरला विश्वामित्री पावागडच्या डोंगरातून येते, भर शहरातून वाहते आणि तिच्यात मगरी आहेत, हे माहीत नसतं. ऑगस्ट २०२४ चा पूर आपल्यासाठी कालचा आहे, त्याच्यासाठी नाही. एक परिच्छेद आणि एक नकाशा एवढ्यात हे बसव. नकाशावर मोजपट्टी आणि उत्तरेचा बाण लागतो. कोपऱ्यात भारताचा छोटा नकाशा देणार असशील तर सीमा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाप्रमाणेच घे. घरांचे जीपीएस बिंदू मात्र ना नकाशावर टाकायचे, ना सोबतच्या डेटा फाईलमध्ये. नाव काढून बिंदू ठेवला तर घर उघडं पडतंच.

तक्त्यांत "३९.१३ टक्के" असं लिहिलंयस. २३ घरांपैकी ९ घरांना दोन दशांश स्थळं शोभत नाहीत. ९/२३ लिही आणि कंसात ३९ टक्के. एसपीएसएस या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्त्या पी-मूल्य (फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता) .००० दाखवतात ते शून्य नसतं, तिथे "०.००१ पेक्षा कमी" असं लिहायचं. बाकी ठिकाणी नेमकं मूल्य दे, "०.०५ पेक्षा कमी" नको. तक्ते वर्डचेच ठेव, चित्र म्हणून चिकटवू नकोस. आलेख एक्सेलचा स्क्रीनशॉट घेऊन टाकलेत, ते छपाईत फुटतील. ८.५ सेंमी रुंद कॉलमला ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) हवे असतील तर चित्र रुंदीला निदान १००० पिक्सेलचं लागतं. लहान चित्राच्या सेटिंगमध्ये ३०० टाकल्याने ते मोठं होत नाही. फक्त लाल-हिरव्यावर भेद ठेवू नकोस, रेषांचे प्रकारही बदल.

तुझ्या पाहणीतल्या बायकांचे गुजराती उद्गार मला फार आवडले, ते ठेव. पण तू ते टेराफॉन्ट या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेत. जर्नलच्या सर्व्हरवर वर्डचा पीडीएफ होताना तिथे नुसती चिन्हं उमटतील. सगळे उद्गार युनिकोडमध्ये पुन्हा टाइप कर. मराठी नोंदी श्रीलिपीच्या तसल्याच जुन्या फॉन्टमध्ये असतील तर त्यांचंही तेच.

सिमिलॅरिटीचा, म्हणजे मजकूर दुसरीकडच्या लिखाणाशी किती जुळतो त्याचा, अहवाल विद्यापीठाच्या ग्रंथालयातून मिळेल, शोधशुद्धी या तपासणी-सेवेमार्फत. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंत दंड नाही. पण टक्का बघून खूश होऊ नकोस, अहवाल उघडून कुठल्या ओळी रंगल्यात ते बघ. पद्धतीतलं साचेबद्ध वाक्य जुळलं तर बिघडत नाही, चर्चेच्या भागात सबंध परिच्छेद जुळला तर बिघडतं. शब्द फिरवून टक्का उतरवायचा खेळ तर मुळीच नको, त्याने पाण्याच्या "टाकी"चं "जलपात्र" होतं आणि रिव्ह्यूअरला लगेच वास येतो.

संदर्भ झोटेरोत (संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) ठेव म्हणजे जर्नल बदललं तरी शैली एका क्लिकवर बदलेल. तरी शेवटी प्रत्येक डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा दुवा, उघडून बघायचाच. चॅटबॉटने सुचवलेले संदर्भ कित्येकदा अस्तित्वातच नसतात. भाषा सुधारायला एआय वापरलं असेल तर जर्नलचा नियम वाचून तसं नमूद कर. एआयला लेखक मात्र करता येत नाही.

लेखकांची नावं आणि क्रम आत्ताच गाईडशी बोलून ठरव, पण उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या, आठवड्यात नाही, तेव्हा सगळे गच्चीवर असतात. ज्याने काम केलं, मजकूर तपासला आणि जबाबदारी घेतली तो लेखक. नुसती प्रयोगशाळा वापरू दिली त्याचे आभार मानायचे. नंतर नाव घालायचं-काढायचं तर सगळ्यांच्या सह्या लागतात आणि संपादकाला संशय येतो. करस्पाँडिंग ऑथर (जर्नलशी पत्रव्यवहार करणारा लेखक) म्हणून विद्यापीठाने विद्यार्थ्यांना दिलेला ईमेल देऊ नकोस, डिग्रीबरोबर तो बंद होतो.

रिव्ह्यू दुहेरी अनाम असेल, म्हणजे लेखक आणि रिव्ह्यूअर यांना एकमेकांची नावं कळू द्यायची नसतील, तर शीर्षकपान वेगळ्या फाईलमध्ये. मुख्य फाईलमधून नाव, आभार आणि संस्थेचं नाव काढायचं. फाईलच्या प्रॉपर्टीजमध्ये लेखकाचं नाव लपून बसलेलं असतं, ते विसरू नकोस. "आमच्या आधीच्या अभ्यासात" हे वाक्यही बदल. ओळींना सलग क्रमांक टाक.

कव्हर लेटर एका पानाच्या आत. प्रश्न काय, सापडलं काय, त्यांच्या वाचकांपैकी कुणाला उपयोग आणि पेपर दुसरीकडे पाठवलेला नाही, एवढं पुरे. "आपल्या प्रतिष्ठित जर्नलमध्ये" वगैरे स्तुती नको. रिव्ह्यूअर सुचवायला सांगितले तर गाईडचे मित्र देऊ नकोस. एक पाण्याचा, एक नागरी भूगोलाचा, एक सार्वजनिक आरोग्याचा, असे तीन वेगवेगळ्या संस्थांतले दे.

सगळं चढवल्यावर जर्नलचं पोर्टल एक पीडीएफ बनवतं. तो शेवटपर्यंत उघडून वाच, मगच अप्रूव्ह दाब. कित्येक पेपर हे बटण न दाबल्यामुळे पोर्टलवर अर्धवट पडून राहतात आणि लेखक महिनोन्‌महिने उत्तराची वाट बघत बसतो.

मेजर रिव्हिजन, म्हणजे मोठे बदल करून पुन्हा पाठवा असं उत्तर, आली तर ती चांगली बातमी समज. रिव्ह्यूअरचं प्रत्येक वाक्य उतरवून घे, खाली उत्तर आणि बदल कुठल्या ओळीत केला तो क्रमांक. एखादं म्हणणं पटलं नाही तर कारण देऊन नाही म्हण. गप्प राहून मुद्दा गाळलास तर तो पुढच्या फेरीत दुप्पट होऊन येतो. आणि नाही म्हणून आलं तर दुसरीकडे पाठवताना कव्हर लेटरमधलं जुन्या जर्नलचं नाव बदल. हसू नकोस, असं फार होतं.

तक्ता २ आणि नकाशाची मूळ फाईल मला पाठव. नकाशातला काळा घोडा पूल नदीच्या भलत्या वळणावर आल्यासारखा वाटतोय, बाबा शनिवारी तिकडे जाणार आहेत, ते बघून येतील.

तुझी,
आई